बोट घासल्याचा आवाज

१७ ऑगस्ट १९९५

संध्याकाळी पुस्तकवाल्याची कॅसेट लावली. दुसरी बाजू, तिसरं गाणं. आधी गिटार, मग तो श्वास घेतो, आणि गायला तोंड उघडण्याआधी त्याचं बोट तारेवरून सरकतं. बारीक आवाज, पाल चुकचुकावी तसा. आज आलाच नाही. गिटार आली, श्वास आला, मग थेट गाणं.

मागं नेऊन पुन्हा लावलं. नाही. टेपचं हेड स्पिरिटनं पुसलं. कापूस काळाकुट्ट निघाला, बरं वाटलं. पुन्हा लावलं. नाही.

कॅसेट झिजली असणार. इतकी वर्षं रोज वाजते आहे, झिजणार नाही तर काय. सौ. जेवायला हाका मारत होती म्हणे. मी गेलो तेव्हा भात निवला होता.

१८ ऑगस्ट

कान धुतल्याशिवाय तंबोऱ्याच्या जवारीला बसायचं नाही, हा आमच्या वडिलांचा, आबांचा नियम. देवघरातली लहान घंटा ते एकदाच वाजवायचे आणि नाद पार विरेपर्यंत डोळे मिटून ऐकायचे. मग कानस हातात. मी घंटेच्या जागी पुस्तकवाला बसवला. आबा असते तर पेकाटात लाथ बसली असती.

पाचगणीच्या शाळेतले डिमेलो मास्तर एकदा मोडकी गिटार घेऊन आले होते. मिरजेत, तंबोऱ्याच्या दुकानात, गिटार. मी म्हटलं, मास्तर, मला यातलं काही कळत नाही. त्यांनी ही कॅसेट काढून दिली, असा आवाज निघाला पाहिजे म्हणाले. गिटार दुरुस्त होऊन गेली, कॅसेट राहिली. कव्हरवर बोटीच्या धक्क्यावर उभा एक हडकुळा माणूस, अंगात ओव्हरकोट, काखेत पुस्तक. म्हणून पुस्तकवाला. इंग्रजी मला शष्प कळत नाही, पण माणूस ओरडत नाही. समोर बसून घरचं काही सांगावं तसं गातो, आणि एकेक तार सुटी ऐकू येते.

आमची लेक सुमी तेव्हा शाळेत होती. त्याचं बोट सरकलं की तिनं आपलं बोट वर करायचं, असा आमचा खेळ. कधी चुकली नाही पोरगी. आता बी.ए.ला आहे, सांगलीला जाते.

२५ ऑगस्ट

साताऱ्याच्या बाईंचा तंबोरा झाला. बाई म्हणजे आबांच्या वेळचं गिऱ्हाईक, सत्तरी उलटली तरी शिकवतात. आज घोडीला हात घातला. तार जिथं टेकते तिथलं हाड कानसत राहायचं, नुसती वाजणारी तार गुणगुणायला लागेपर्यंत. जवारी म्हणजे तेवढंच काम. आणि त्या तेवढ्याच कामासाठी लोक बेळगाव-धारवाडाहून आमचं दार शोधत येतात.

आज मनासारखी जवारी लागायला फार वेळ गेला. कानस फिरवतोय, तारेखालचं सूत सरकवतोय, तार दबलेलीच. शेवटी सापडली. खूश झालो.

बाळू गल्ल्यावरून आत आला, ऐकत उभा राहिला. धाकटा भाऊ, गिऱ्हाईक तो बघतो, जवारी मी. म्हणाला, दादा, जवारी जरा जास्तीच उघडली न्हाई का? तार करकरतीया. मी म्हटलं, तू तारांची बंडलं मोज. गेला बिचारा.

३० ऑगस्ट

काल गणपती बसले. आरतीला गल्लीतली पोरं. झांजा वाजवतात की पत्र्याचे डबे, असं वाटलं. म्हटलं, झांजा बदला रे. पोरं एकमेकांकडं बघायला लागली.

आरतीनंतर सुमी म्हणाली, आठ वाजले, मी अभ्यासाला जाते. भिंतीवरचं घड्याळ तर बंद आहे. कसं कळलं विचारलं. तिनं मनगट दाखवलं. तिचं इलेक्ट्रॉनिक घड्याळ दर तासाला वाजतं. मला म्हणाली, आत्ता वाजलं की, तुमच्या कानाशीच होता माझा हात.

मी हसून वेळ मारून नेली. नंतर मोरीत जाऊन दोन्ही कानांत बोटं घालून पाहिलं, मळ बिळ आहे का. नाही.

३१ ऑगस्ट

सुमी कॉलेजला जाताना घड्याळ विसरली होती. नऊला कानाशी धरून बसलो. आकडे बदलले, नऊ शून्य शून्य. काही नाही. डावा, मग दहाला उजवा. उजव्याला काहीतरी आल्यासारखं वाटलं, पण आकडे बघत होतो म्हणूनही वाटलं असेल.

भीती वाटते. लिहून टाकतो, बोलणार कुणाशी.

७ सप्टेंबर

तंबोरा परत आला.

बाईंचा शिष्य एस.टी.नं घेऊन आला. चांगला मुलगा, खाली मान घालून सांगत होता. बाई म्हणाल्या, हा तंबोरा बोलत नाही, भांडतो. बाळूनं गवसणी काढून छेडला. आजूबाजूचे कामगार हात थांबवून बघायला लागले. मला तर तो छान लागत होता. तेच भयंकर आहे. मला अजूनही छान लागत होता.

मी म्हटलं, पावसाळी हवा आहे, लाकूड फुगलं असेल. हवा काय, आमच्या धंद्यात सगळी पापं हवेवर ढकलता येतात. शिष्यानं मान डोलावली. बाळूनं नाही डोलावली.

आबांच्या हातची जवारी कधी परत आली नव्हती. माझीही नाही. शिष्याला सांगितलं, मीच साताऱ्याला येऊन बाईंच्या समोर दुरुस्त करून देतो. असं का बोललो कोण जाणे.

१२ सप्टेंबर

डॉक्टरकडं जायचं. पण कुठं? मिरजेत दगड मारला तर डॉक्टरला लागतो, आणि तो गाण्याचा शौकीन निघतो. कानाच्या डॉक्टरांच्या घरी तर आमचाच तंबोरा आहे. सकाळी मी त्यांच्या पायरीवर, संध्याकाळी गावभर. जवारीवाला बहिरा झाला. लोकांना तरी दुसरं काय पाहिजे.

आणि मुळात कॅसेटच झिजली असेल तर?

घड्याळाचं काय मग. सेल उतरला असेल. सुमीला ऐकू आलं ते, तिची सवय असेल.

हे मी स्वतःलाच समजावतोय, हे मला कळतंय.

२१ सप्टेंबर

गणपती दूध पितोय. सकाळपासून सगळं गाव चमचे घेऊन पळतंय. सौ. दोनदा जाऊन आली. बाळू म्हणाला, दगड ओला झाला की दूध ओढतोच, त्यात काय. आणि स्वतः वाटी घेऊन गेला.

मीही गेलो. रांगेत उभा राहिलो. सोंडेला चमचा लावला आणि मनात म्हटलं, दूध पी नाहीतर राहू दे, पण तुला एवढे सुपाएवढे कान दिलेत, त्यातलं थोडं इकडं सरकव. मागची बाई ढकलत होती. चमचा रिकामा झाला खरा. सांडलं की प्यायला, दिसलं नाही.

२३ सप्टेंबर

डिमेलो मास्तरांना कार्ड टाकलं. हीच कॅसेट, पण नवी, न वाजवलेली पाहिजे. जुनी झिजली असं लिहिलं.

नवीत बोट ऐकू आलं, तर कॅसेटचा दोष. नाही आलं तर...

सुमीला बसवून जुनी ऐकवली असती, तर दोन मिनिटांत निकाल होता. पण विचारायचं म्हणजे सांगायचंच. ती आईसारखी आहे, अर्ध्या वाक्यात पुरं ओळखते.

२६ सप्टेंबर

काल नवरात्र बसलं. देवीपुढं रोज गाणं, बाहेरगावचे गवई गावात, आणि गावात आलेला गवई जवारी दाखवल्याशिवाय परत जात नाही. दरसाल मी या दिवसांची वाट बघतो. यंदा सकाळी उठून आधी कापूस शोधला.

उजव्या अंगठ्याला पट्टी बांधली. हळद, कापूस, वर फडकं, साग्रसंगीत. पटाशी लागली म्हणून सांगितलं.

२८ सप्टेंबर

पट्टीनं काम केलं. बाळू सगळ्यांना सांगतोय, दादांचं बोट कापलंय. गवई हळहळतात, चहा पितात आणि वाद्य घेऊन गल्लीच्या टोकाच्या दुकानात जातात. बाळू त्यांच्याकडं बघत उभा राहतो. एकदा म्हणाला, दादा, नख तर शाबूत हाय नव्हं? मग कवा सोडायची पट्टी? मी म्हटलं, डॉक्टरनं सांगितल्यावर. कोणत्या डॉक्टरनं ते त्यानं विचारलं नाही, देवीची कृपा.

रात्रीची गाणी ऐकायला गेलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

१ ऑक्टोबर

सौ.नं आज मी नको म्हणत असताना पट्टी सोडली. फडकं घाण झालंय म्हणाली. खाली अंगठा गुळगुळीत. साधा ओरखडाही नाही. तिनं अंगठा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. मग धुतलेलं फडकं घेतलं आणि पुन्हा पहिल्यासारखी पट्टी बांधायला लागली.

बांधता बांधता म्हणाली, "आवं, जखम न्हाई, तर दुखतंय कुठं?"

मी अंगठा पुढं धरून ठेवला. तिनं गाठ मारली, उठून गेली. भाजीला फोडणी दिल्याचा वास आला. मोहरी तडतडली असणार.

खंडेनवमी

हत्यारं पुजली. पटाशा, रंधे, गिरमिट, आणि मधे आबांची कानस. सुमीनं फुलं वाहिली, हळदकुंकू लावलं. तिनं कानस उचलून उजेडात धरली, दातांवरून बोट फिरवलं. विचारलं, अण्णा, ही किती घासली कसं कळतं? मी म्हटलं, कानाला कळतं. ती म्हणाली, म्हणजे बाईमाणसालाही कळेल की. बाळू हसला. म्हणाला, आमच्यात पोरी जवारीला बसल्या तर गवई तंबोरा उचलून पळतील.

मी हसलो नाही. वर्षाचा सण, आणि कानसेपुढं हात जोडताना मला रडू येत होतं. धुपाचं निमित्त केलं.

१४ ऑक्टोबर, सातारा

बाईंचा तंबोरा घेऊन आलो. कंडक्टर म्हणाला, भोपळ्याचं तिकीट काढलंय का? सगळी गाडी हसली. त्याचं नेहमीचं असेल, पण बरं वाटलं.

आधी डॉक्टर. मुद्दाम सकाळची गाडी धरली होती. राजवाड्याकडं एकाची पाटी वाचून शिरलो. इथं मला ओळखणारं कोण? नाव दिलं, बाकावर बसलो, तंबोरा मांडीवर. मागून आलेले एकेक आत जाऊन आले. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्यानं खांद्याला हात लावला. "आवं, तुमालाच बोलावत्यात ती बाई. लय येळ झाला."

दारातली नर्स माझ्याकडंच बघत होती. ओठ हलले. बाकावरची माणसं बघत होती. मी उठलो, तंबोरा उचलला आणि बाहेर आलो. बहिऱ्याला नाव पुकारून बोलावतात. शहाणे.

चौकात थोडा वेळ उभा राहिलो, मग बाईंकडं.

१४ ऑक्टोबर, रात्री, घरी

मघाशी अर्धंच लिहिलं. बाईंकडचं लिहायला हात होत नव्हता.

त्या सतरंजीवर बसल्या, मी समोर. कान धुवायला तिथं पुस्तकवाला नाही. घोडी पुन्हा सगळी घासून नव्यानं सुरुवात केली. तार छेडायची आणि बाईंच्या तोंडाकडं बघायचं. कपाळाला आठी पडली, तर अजून कानस. डावी भुवई चढली, तर बस. ओठ सैल झाले, तिथं थांबलो. त्यांनी हात वर केला. म्हणाल्या, हं, आता बोलायला लागला.

माझ्या अंगाला घाम. सुटलो म्हणेपर्यंत त्या म्हणाल्या:

"तुझे आबा डोळे मिटून जवारी काढायचे. तू माझ्याकडं काय बघत होतास?"

मी म्हटलं, बाई, तुमच्या पसंतीचं आहे ना, म्हणून. त्यांनी तंबोऱ्याला गवसणी घातली. मग जोडीचा दुसरा तंबोरा सांगितला, पौषात त्यांच्या गुरुजींची पुण्यतिथी आहे, त्याला जोडी पाहिजे. डिसेंबरात त्या स्वतः मिरजेला येणार, ऐकून नेणार. "मी समोर बसणार नाही हो. तुझं तू काढून ठेव."

त्यांना कळलंय. नसेलही कळलं. गाडीत कराडपर्यंत हेच.

२६ ऑक्टोबर

दिवाळी झाली. फटाके मात्र सगळे व्यवस्थित ऐकू आले. ज्याचा उपयोग नाही ते सगळं ऐकू येतं. ग्राइंडर, गाड्यांचे हॉर्न, बाळूचा राग.

सुमीला सुट्टी. तिला तिसऱ्या गाण्याचा अर्थ विचारला. इतक्या वर्षांत कधी विचारला नव्हता. तिनं दोनदा ऐकून सांगितलं. एक माणूस खिडकीशी पुस्तक वाचत बसलाय, बाहेर बर्फ पडतंय. पाऊस असता तर पत्र्यावर कळलं असतं. बर्फाचा आवाज येत नाही, त्यामुळं बाहेरचं सगळं बुजून गेल्यावरच त्याला कळतं, की कधीपासून पडतंय.

मला बर्फ म्हणजे गाडीवरचा गोळा. तरी अंगावर काटा आला. म्हटलं, दुसरं काहीतरी लाव. सुमीनं विचारलं, अण्णा, बरं नाही का?

हा माणूस सात समुद्रांपलीकडं बसून माझ्या घरात बघतोय की काय.

९ नोव्हेंबर

जुनी लावली. आता श्वासही नाही. गिटार, मग एकदम गाणं.

कॅसेट भराभर झिजतेय म्हणायचं.

१५ नोव्हेंबर

पाचगणीहून पार्सल. मास्तरांनी पाठवली. चिठ्ठीत लिहिलंय, त्या वेळी दोन आणल्या होत्या, ही कपाटात तशीच राहिली, तुमच्या कानांना लखलाभ. वरचा प्लास्टिकचा कागदही काढलेला नाही. तोच धक्का, तोच ओव्हरकोट, रंग तेवढे ताजे.

सुताच्या रिळांच्या डब्यात ठेवली. आज कामाची गडबड होती.

१६ नोव्हेंबर

आज नाही.

१९ नोव्हेंबर

बाईंच्या दुसऱ्या तंबोऱ्याची दांडी बसली. रंग, पॉलिश, खुंट्या, सगळं होईल. ते डोळ्यांचं काम आहे. बाळू दोनदा म्हणाला, दादा, जवारी आधी काढून ठेवू, बाईंची घाई नको. मी म्हटलं, लाकूड बसू दे.

कॅसेट डब्यातच. हात डब्याशी गेला, सूत घेतलं, डबा बंद केला. उघडली तर एकच होईल, दोनातलं एक. न उघडता दोन्ही आहेत.

२५ नोव्हेंबर

सुमीला डबा सापडला. तिला ब्लाऊज शिवायला सूत पाहिजे होतं. कॅसेट घेऊन माझ्यासमोर उभी.

"नवी कशाला आणली? जुनी चांगली तर आहे."

मी म्हटलं, झिजलीय. बारीक आवाज येत नाहीत तिच्यात. ती म्हणाली, "येतंय की सगळं. दिवाळीतच नाही का आपण ऐकली?"

मग ती थांबली. माझ्या तोंडाकडं बघायला लागली, जसा मी बाईंच्या तोंडाकडं बघत होतो. मी रंधा उचलला आणि उगाच फळी रंधत बसलो. तिनं कॅसेट डब्यात ठेवली, झाकण लावलं.

२६ नोव्हेंबर

तरुण कान आहेत तिचे. झिजलेल्या कॅसेटमधलंही तिला ऐकू येत असेल. माझ्या वयाच्या माणसाला नवीच लागत असेल. असं असू शकतं. का नसू शकतं?

५ डिसेंबर

तंबोरा तयार. जवारी सोडून. बाईंचं पत्र आलं, येत्या रविवारी येते. बाळूनं पत्र वाचून माझ्यापुढं ठेवलं, वर कानस ठेवली आणि गल्ल्यावर जाऊन बसला. एवढा मोठा झाला तरी मला घाबरतो, आणि मी कशाला घाबरतोय हे त्याला माहीत नाही. की माहीत आहे?

आबांना शेवटी दिसत नव्हतं. तरी जवारी काढायचे. माझं उलटं झालं. दिसतंय सगळं. पॉलिशमधे माझंच तोंड दिसतं.

बाळूचा संसार, माझा संसार, सुमीचं लग्न व्हायचंय, पाच कामगार, आणि हे सगळं उभं आहे माझ्या कानांवर. हे कुणाला सांगायचं म्हणजे त्यांच्या पायाखालची फळी काढायची.

७ डिसेंबर

सौ. म्हणाली, पोरीला घेऊन बसा की एकदा. कशाला ते बोलली नाही. त्या दोघींचं बोलणं झालेलं दिसतंय. या घरात मी सोडून सगळ्यांना सगळं ऐकू येतं.

८ डिसेंबर

दुपारी दुकान बंद असताना कारखान्यात बसलो होतो, घोडी समोर ठेवून. सुमी आली. कॉलेज बुडवलं होतं. डबा उघडून नवी कॅसेट काढली, माझ्या पुढ्यात धरली. मी नको म्हणालो नाही. तिनं नखानं प्लास्टिक फाडलं. फाटलेलं दिसलं.

दुसरी बाजू. तिसरं गाणं येईपर्यंत पहिली दोन ऐकली. हेड तिनंच पुसलं होतं. टेपच्या शेजारी मी, समोर ती. तिच्या तोंडाकडं बघायचं नाही, असं ठरवलं. आबांसारखे डोळे मिटले.

गिटार आली. स्वच्छ आली, एकेक तार सुटी. म्हटलं, देवा, म्हणजे कॅसेटच होती. पुढं श्वास येणार, मग बोट. वाट बघितली. छातीत एवढं धडधडत होतं की त्यानंच बाकीचं बुडालं असेल. मग पुस्तकवाला गायला लागला.

डोळे उघडले. सुमीनं बोट वर केलेलं होतं. शाळेत असताना करायची तसं, अगदी सरळ. तिचे डोळे भरलेले.

मीही बोट वर केलं.

तिनं ते पाहिलं. खेळात असं उशिरा केलेलं बोट मोजत नसू. तिनं मोजलं, मान डोलावली. टेप तशीच चालू होती, तो बर्फाचं सांगत होता.

गाणं संपल्यावर तिनं टेप बंद केली. घोडी उचलून उजेडात धरली, पुन्हा जागेवर ठेवली. मग सतरंजी ओढून माझ्यासमोर बसली, बाई बसल्या होत्या तशी, आणि पदर खोचला.

"अण्णा, छेडा तुम्ही. माझ्याकडं बघा खुशाल."

कानस हातात घेतली.  बाहेर बाळूनं दुकानाचं फळकूट काढलं असावं, जमिनीतून कळलं. सुमी म्हणाली, काकांना येऊ दे आत. मी म्हटलं, थांब. ती म्हणाली, किती दिवस?

घोडी तारांखाली बसवली, पहिली तार ताणून छेडली. तिच्या कपाळाला आठी पडली.

बाई परवा येणार.